साथीदाराची रचनादृष्टी : गोविंदराव टेंबे आणि मराठी संगीत नाटक

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने दोन घटकांभोवती लिहिला गेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर, गोविंद बल्लाळ देवल, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ही नाटककारांची एक परंपरा आणि भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर ही गायकनटांची दुसरी परंपरा. नाटककाराने पद लिहिले आणि नटाने ते गाऊन अजरामर केले, असा या इतिहासाचा सर्वसाधारण सूर असतो. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला तिसरा घटक म्हणजे पदाला चाल देणारा रचनाकार होय. त्याचा उल्लेख होतो, परंतु विवेचन क्वचितच होते. गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) हे या उपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. आपल्या काळातील अग्रगण्य पेटीवादक, 'मानापमान' नाटकाचे संगीतकार, गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक, पहिल्या मराठी बोलपटाचे नायक व संगीतदिग्दर्शक आणि मराठीतील संगीतविषयक लेखनाचे एक आद्य प्रवर्तक अशी त्यांची विविध रूपे आहेत. ही रूपे चरित्रकोशांत एकापुढे एक नोंदविली जातात; त्यांना जोडणारे सूत्र मात्र सांगितले जात नाही. टेंबे हे वृत्तीने प्रथम साथीदार होते आणि त्यांच्या रचनेचे सामर्थ्य व तिची मर्यादा ही दोन्ही या साथीदारवृत्तीतूनच उलगडतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

जडणघडण

टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. त्यांचे बालपण व तारुण्य कोल्हापुरात गेले. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या काळचे कोल्हापूर हे संगीत, नाटक आणि मल्लविद्या यांचे केंद्र बनले होते. अल्लादियाखाँ दरबारात गायक म्हणून होते. गायन समाज देवल क्लबसारखी संस्था रसिकांना व कलावंतांना एकत्र आणत होती. अशा वातावरणात टेंबे पेटीकडे वळले. पेटीवादनात ते बहुतांशी स्वयंशिक्षित होते. गायकांची साथ करता करताच त्यांचे खरे शिक्षण झाले. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची साथ त्यांनी अनेक वर्षे केली आणि समोर बसून रीतसर तालीम मिळाली नसतानाही त्यांना गुरुस्थानी मानले. अल्लादियाखाँच्या गायकीचाही त्यांना निकट सहवास लाभला.

या शिक्षणपद्धतीचा विचार महत्त्वाचा आहे. गंडाबंध शिष्य एका घराण्याची शिस्त आत्मसात करतो. साथीदाराला मात्र आज एका गायकाच्या, तर उद्या दुसऱ्याच्या मागे जावे लागते. गायकाच्या मनात पुढे काय येणार आहे याचा अंदाज बांधणे, त्याने घेतलेली जागा क्षणभर मागून उचलणे, तो थांबेल तेथे स्वर धरून ठेवणे आणि तो गात असताना स्वतःला आवरणे हे साथीचे मुख्य गुण होत. साथीदाराच्या कानात त्यामुळे अनेक गायकींचा संचय होतो. परंतु त्या संचयावर त्याने स्वतःचा ठसा उमटवावा, अशी अपेक्षा त्याच्याकडून नसते. टेंबे यांच्या रचनांत ही सवय स्पष्टपणे दिसते.

पेटी आणि गळा

हार्मोनियम हे वाद्य मूळचे युरोपीय. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४० मध्ये त्याचे एकस्व घेतले. पुढे हाताने भाता चालवून मांडी घालून वाजविता येईल, असे त्याचे भारतीय रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले आणि अल्पावधीत ते कीर्तनापासून नाटकापर्यंत सर्वत्र पोहोचले. त्याची अडचण सर्वश्रुत आहे. पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो. दोन स्वरांमधील मींड त्यावर काढता येत नाही आणि सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्याने रागातील सूक्ष्म श्रुती त्यात बसत नाहीत. या प्रश्नावर सर्वाधिक खल झाला तो महाराष्ट्रात. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतिहार्मोनियमची कल्पना पुढे आणली. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, पण ते वाद्य रूढ झाले नाही. पुढे १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७० च्या दशकाच्या आरंभी अंशतः शिथिल झाली. म्हणजे टेंबे यांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे नभोवाणीच्या लेखी त्यांचे वाद्य निषिद्ध होते.

बंदीच्या समर्थकांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. तथापि, त्यांनी पेटीचा विचार सुटे वाद्य म्हणून केला. मराठी रंगभूमीवर पेटी कधीच एकटी नव्हती. तिच्यासमोर सदैव एक गळा होता. पेटी चालीचा सांगाडा दाखवी आणि त्यातील मींड, कण व मुरकी गळा भरून काढी. टेंबे स्वतंत्र पेटीवादनासाठीही ख्यातकीर्त होते. स्वतःच्या वाद्याला काय साधत नाही, हे त्यांच्याइतके नेमके कोणास ठाऊक असणार? म्हणूनच त्यांनी निवडलेल्या चाली आणि त्यांच्या वाद्याची प्रकृती यांतील विरोध लक्षणीय ठरतो. पेटीला जे सर्वांत कमी साधते, त्या ठुमरी अंगाकडे हा पेटीवादक वळला.

'मानापमान'ची चाल

किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) या नाटकांतील पदे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणी, कीर्तनातील चाली आणि कर्नाटकी वळणाच्या चाली यांवर आधारलेली होती. चालींची निवड बहुधा नाटककारच करीत असे. देवलांच्या 'शारदा'पर्यंत (१८९९) ही पद्धत टिकून होती. नाटककार व संगीतकार एकच असल्यामुळे पद संवादाच्या ओघात सहज येई आणि सहज संपे. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत खाडिलकरांचे 'मानापमान' रंगमंचावर आणले, तेव्हा हे चित्र पालटले. 'कीचकवधा'सारख्या गद्य नाटकाने गाजलेल्या खाडिलकरांचे हे पहिले संगीत नाटक. त्याच्या चालींची जबाबदारी टेंबे यांच्याकडे सोपविण्यात आली आणि नाटककाराहून वेगळा असा संगीतकार मराठी रंगभूमीवर स्वतंत्रपणे अवतरला.

टेंबे यांनी या नाटकासाठी पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी, होरी अशा प्रकारांतील चाली मोठ्या प्रमाणावर आणल्या. त्यांच्या नावीन्यावर बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या औचित्याचा विचार मात्र कमी झाला आहे. 'मानापमान'चा विषयच मान व अपमान हा आहे. निर्धन सेनापती धैर्यधराला धनाढ्य घराण्यातील भामिनी अव्हेरते, पुढे वेषांतर करून वनमाला या नावाने त्याच्या सहवासात येते आणि तिचा अभिमान विरघळतो. 'भामिनी' या संस्कृत शब्दाचा अर्थच रुष्ट, मानी स्त्री असा आहे. ठुमरीतील नायिकाही परंपरेने मानिनी असते. रुसणे, अबोला धरणे, लटका राग दाखवणे आणि त्याच रागातून अनुराग सुचविणे हे ठुमरीचे भावविश्व आहे. ठुमरीच्या चालीबरोबर हा भावही रंगमंचावर आला. प्रेक्षकांना मूळ ब्रज शब्द ठाऊक असोत वा नसोत, चालीच्या वळणात रुसवा होताच. भामिनीची भूमिका बालगंधर्वांकडे होती. त्यांच्या गळ्यात ही वळणे इतकी सहजतेने बसली की, पुढील पिढ्यांना ती त्यांचीच वाटू लागली.

साथीदाराची दृष्टी येथे प्रथम प्रत्ययास येते. टेंबे यांनी निवडलेल्या चालींची चौकट साधी असते. मुखडा आकर्षक व आटोपशीर, समेची जागा निश्चित, अंतरा लहान. पेटीवर ती चौकट सहज मांडता येते, पण केवळ पेटीवर ऐकली तर ती अपुरी भासते. तिच्यात ठिकठिकाणी मोकळी जागा ठेवलेली असते. गायकाने तेथे थांबावे, फिरावे, पुन्हा मुखड्यावर यावे अशी तिची योजना आहे. दुसऱ्याच्या गळ्यासाठी जागा मोकळी ठेवणे ही साथीदाराची सवय. टेंबे यांनी तिलाच रचनेचे तत्त्व बनविले.

या तत्त्वाची कसोटी दहा वर्षांनी लागली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या व ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत होते. दोघांची गायनशैली परस्परांहून सर्वस्वी भिन्न होती. एकाचे गाणे लडिवाळ, भावानुकूल व लयीला लपेटून जाणारे; दुसऱ्याचे तडफदार, तानप्रधान व वरच्या पट्टीतील. एकाच नाटकाच्या, एकाच रचनाकाराच्या चालींनी या दोन्ही शैली एका रात्रीत पेलल्या. पुढे दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधराच्या पदांना आपल्या आक्रमक गायकीने आणखी निराळे रूप दिले आणि वसंतराव देशपांडे यांच्यापर्यंत ते रूप चालत आले. चाल लवचीक असल्याखेरीज हे शक्य झाले नसते.

पदाची भाषा आणि नाटकाची गती

या लवचिकतेची किंमतही मोजावी लागली. खाडिलकरांची पदे बोजड व समासप्रचुर आहेत, त्यांचा अर्थ ऐकताक्षणी लागत नाही, असा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. आक्षेप खरा आहे. परंतु त्याचा सर्व दोष नाटककाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. आधी चाल आणि मग तिच्यात शब्द, अशी ही रचनापद्धती होती. ब्रजभाषेतील स्वर लवचीक असतात. चालीच्या गरजेनुसार ऱ्हस्वाचे दीर्घ व दीर्घाचे ऱ्हस्व करून घेता येते. मराठी बोलीतील जोडाक्षरे व क्रियापदांची रूपे तशी वाकत नाहीत. संस्कृत तत्सम शब्द व समास यांत आकारान्त दीर्घ स्वर विपुल असतात आणि तानेला, आलापाला ते सोयीचे पडतात. खाडिलकरांचे शब्द संस्कृतप्रचुर होण्यामागे चालीचा हा रेटाही होता. चालीने भाव आणला, पण शब्दांची प्रासादिकता हिरावून घेतली. देवलांच्या पदांतील बोलकेपणा 'मानापमान'मध्ये नाही, याचे एक कारण येथे सापडते.

नाट्यगतीच्या दृष्टीनेही हेच घडले. चालीतील मोकळ्या जागा गायकनट भरू लागले आणि वन्स मोअरच्या गजरात त्या वाढत गेल्या. पद संवादाचा भाग न राहता मैफलीचा भाग झाले. संगीत नाटकाच्या ऱ्हासाची जी कारणे पुढे सांगितली गेली, त्यांत हा अनिर्बंध विस्तार प्रमुख आहे. टेंबे यांच्या रचनेने तो घडविला असे म्हणता येणार नाही. मात्र त्याला दार उघडून दिले, हे नाकारता येत नाही. दार किती उघडावे हे ठरविण्याचा अधिकार रचनाकाराकडे नव्हता. तो कंपनीचालक, नट आणि प्रेक्षक यांच्याकडे होता. ५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, तेव्हा हा अधिकार रचनाकाराच्या हाती येण्याची शक्यता निर्माण झाली होती. टेंबे काही वर्षांतच तेथून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. स्वतः नाटके लिहिणे, त्यांना चाली देणे आणि त्यांत भूमिका करणे, असा सर्वांगी प्रयत्न त्यांनी केला. 'पटवर्धन' हे त्यांचे नाटक याच प्रयत्नाचे फळ होय. तथापि, 'मानापमान'ची लोकप्रियता त्यांना पुन्हा लाभली नाही. समोर तोलामोलाचा गळा नसेल तर साथीदाराची रचना अपुरी राहते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

संगीत नाटक आणि ऑपेरा

संगीत नाटकाची तुलना ऑपेराशी करण्याचा प्रघात जुना आहे. ही तुलना बहुधा इटली वा जर्मनीच्या संपन्न परंपरांशी केली जाते. साम्राज्याच्या छायेत स्वभाषेची रंगभूमी उभारू पाहणाऱ्या लहान भाषिक समाजाशी ती केल्यास अधिक उद्बोधक ठरते. ऑस्ट्रियन सत्तेखालील स्लोव्हेनियात जन्माने चेक असलेले अँटोन फोरस्टर (१८३७–१९२६) ल्युब्लियानाच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवादक व गायनवृंदाचे प्रमुख होते. त्यांची 'गोरेन्स्की स्लावचेक' ही स्लोव्हेन भाषेतील संगीतकृती १८७२ मध्ये, म्हणजे 'शाकुंतल'च्या आठ वर्षे आधी, रंगमंचावर आली. प्रारंभी ती गद्य संवादांनी जोडलेली ऑपेरेटा होती; १८९६ मध्ये तिचे पूर्ण ऑपेरात रूपांतर झाले. तेथेही रचनाकार मूळचा स्वरपट्टीवर बसणारा वादक आणि येथेही तसाच. दोघांपुढील प्रश्नही सारखे होते : लोकांना आपली वाटेल अशी चाल, आपल्या भाषेला पेलेल असे गाणे आणि गद्य-पद्याचा सांधा.

फरक आहे तो लेखनाचा. फोरस्टर यांच्या कृतीची स्वरलिपी सिद्ध झाली. गायक बदलले तरी रचना कागदावर स्थिर राहिली आणि मूळ कृतीचा विस्तार करावयाचा तेव्हा तो रचनाकारानेच केला. 'मानापमान'च्या चाली नटांच्या गळ्यात व साथीदारांच्या बोटांत राहिल्या. पुढे स्वरलेखन झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या. परंतु त्यांनी जतन केले ते एकेका गायकाचे गाणे. त्यामुळे एका समाजाकडे रचनाकाराची कृती आहे, तर दुसऱ्याकडे तिच्या अनेक गायनावृत्ती आहेत. दुसरी स्थिती कनिष्ठ आहे असे नव्हे. पण तिच्यात रचनाकाराचे नाव पुसट होते. उत्तरायुष्यात टेंबे यांनी 'महाश्वेता' व 'जयदेव' या संगीतिका लिहिल्या. सुटी पदे न देता संपूर्ण कृती एका सूत्रात बांधण्याची त्यांची ही इच्छा सदर पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण वाटते. नाट्यगीतांच्या प्रभावळीत या संगीतिका झाकोळल्या गेल्या आणि त्यांचा अभ्यास मागे पडला.

बोलपटाचे आव्हान

१९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाला. त्यात दुर्गा खोटे यांच्यासमवेत हरिश्चंद्राची भूमिका टेंबे यांनी केली आणि संगीतही त्यांचेच होते. त्यानंतर 'मायामच्छिंद्र', 'सिंहगड' व 'सैरंध्री' या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. नाटकात वाढू शकणारे पद चित्रपटात ठरावीक लांबीत बसवावे लागे. विस्ताराचा अधिकार गायकाकडून काढून घेणारे हे माध्यम होते. वरवर पाहता रचनाकाराला ते अनुकूल होते. टेंबे यांच्यासारख्या रचनाकाराला मात्र ते प्रतिकूल ठरले. त्यांची चाल मोकळ्या जागांवर जगत असे आणि चित्रपटात त्या जागांना वावच उरला नाही. १९३४ च्या 'अमृतमंथन'पासून प्रभातच्या संगीताची धुरा केशवराव भोळे यांच्याकडे गेली. त्यांनी पियानोसारख्या पाश्चात्य वाद्यांचा उपयोग करून प्रसंगानुकूल पार्श्वसंगीताची वाट धरली. गळ्याभोवती रचना करणारी एक पिढी येथे संपली आणि प्रसंगाभोवती रचना करणारी दुसरी सुरू झाली.

लेखक टेंबे

साथीदाराच्या कानाचे सर्वांत निर्वेध दर्शन टेंबे यांच्या गद्यात घडते. 'माझा संगीत व्यासंग' (१९३९), 'माझा जीवनविहार' आणि अल्लादियाखाँचे चरित्र या ग्रंथांनी मराठीत संगीतविषयक लेखनाचा नवा पायंडा पाडला. तत्पूर्वीचे बहुतेक लेखन एक तर रागलक्षणांचे शास्त्र सांगणारे होते किंवा गायकांच्या आख्यायिका सांगणारे. गायक कसा गातो, आवाज कसा लावतो, समेवर कसा येतो, त्याच्या गाण्यात काय उणे आहे, याचे प्रत्यक्ष श्रवणावर आधारलेले वर्णन टेंबे करतात. गायकाच्या शेजारी बसून त्याच्या पुढच्या स्वराचा वेध घेणाऱ्यालाच असे लिहिता येते. त्यांच्या आदरात भाबडेपणा नाही आणि दोषदर्शनात आकस नाही. मराठी संगीतसमीक्षेची एक मुख्य वाट या गद्यापासून निघते. मात्र इतरांच्या गायकीचे इतके सूक्ष्म विश्लेषण करणाऱ्या या लेखकाच्या स्वतःच्या रचनांना तितकाच सूक्ष्म समीक्षक अद्याप लाभावयाचा आहे.

निष्कर्ष

टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी निवर्तले. पेटीवर बसलेला रचनाकार ही परंपरा त्यांच्यानंतरही खंडित झाली नाही. मंगेश पाडगावकरांच्या 'बिल्हण' या संगीतिकेला स्वरसाज देणारे पु. ल. देशपांडे हेही पेटीवादकच होते. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा एकशे चौदा वर्षांपूर्वीचे हे नाटक पुन्हा चर्चेत आले. अशा प्रत्येक पुनरागमनात पदांची आठवण गायकांच्या नावाने निघते.

यामागे अध्यापनातील एक विभागणी आहे. मराठीच्या वर्गात 'मानापमान' संहिता म्हणून शिकविले जाते. तेथे चाल नसते. संगीताच्या वर्गात पद रागाचे उदाहरण म्हणून शिकविले जाते. तेथे भामिनीचा रुसवा नसतो. अंधेरी, साकीनाका वा घाटकोपर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हे पद प्रथम भेटते ते भ्रमणध्वनीवर, एखाद्या गायकाच्या नावाखाली. चाल, शब्द आणि प्रसंग यांचा सांधा ज्याने जुळविला, तो या तिन्ही ठिकाणी अनुपस्थित असतो. एकाच पदाची दोन-तीन गायकांची ध्वनिमुद्रणे वर्गात ऐकवून, त्यांत समान काय उरते याचा शोध विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. मुखडा, समेची जागा आणि गायकासाठी ठेवलेला अवकाश असे जे समान उरेल, तीच टेंबे यांची रचना होय. इतरांना गाता यावे म्हणून स्वतःला आवरणाऱ्या या रचनाकाराला ओळखण्याचा तोच विश्वसनीय मार्ग आहे.